खोली रिकामी आहे

बावणे सरांच्या दाराला बाहेरून कडी होती. उज्ज्वला देवगडेनं ती पाहिली आणि टॅबवर ‘खोली रिकामी असल्याची खात्री केली’ या ओळीपुढं खूण करायला बोट उचललं. दुपारचे चार वाजले होते. २०३८चा मे महिना. कोरपळसच्या बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं, आणि तिला अजून चार घरं बघायची होती.

"कोण पाहिजे?" शेजारच्या ओसरीवरून एक म्हातारी म्हणाली.

"मंदानिल कंपनीतून आले, मावशी. पंख्याची तपासणी आहे. सर बाहेरगावी गेलेत का?"

"कुठं जातीन? आत तं आहेत. फेब्रुवारीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, तवापासून खाटेवरून हालत नाहीत. कांता सकाळी येते, सगळं करून साडेदहाले जाते, मंग सहाले येते. कुत्रं शिरते म्हणून बाहेरून कडी घालते ते. गेल्या रविवारपर्यंत तिची पोरगी दुपारभर जवळ बसत होती, आता गावाले गेली."

उज्ज्वलानं पुन्हा टॅबकडे पाहिलं. ग्राहक: नारायण बावणे. खोली रिकामी, सलग पाचवा दिवस, दुपारी दीड वाजल्यापासून. खोलीचं तापमान चव्वेचाळीस अंश.

तिनं कडी काढली.

आत पंखा फिरत होता, पण इतका सावकाश की त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसत होती. खाली खाटेवर सर उताणे पडले होते. डोळे अर्धवट उघडे. खाटेच्या दांडीला सलाइनची जुनी बाटली टांगलेली, तिच्या नळीतून अंगावरच्या चादरीवर पाण्याचा एकेक थेंब पडत होता. ही युक्ती कांताबाईची असणार. चादर ओली होती, पण गार नव्हती. हात लावल्यावर ती नुकत्याच पिळलेल्या गरम पट्टीसारखी लागली.

"सर," उज्ज्वला म्हणाली. मग तिनं त्यांचं मनगट धरलं. ते इतकं तापलेलं होतं की क्षणभर तिला वाटलं, जिवंत आहेत. पण नाडी लागली नाही.

तिनं दाराजवळच्या खुंटीवरचा रिमोट काढून पंखा पाचवर केला. का केला, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

डॉक्टर आले, त्यांनी वय विचारलं. एकोणऐंशी. आधीचा रक्तदाबाचा त्रास. कागदावर त्यांनी ‘हृदयविकार’ असं लिहिलं आणि सही केली. उज्ज्वला भिंतीला टेकून उभी होती. आठवी ते दहावी तिला याच माणसानं गणित शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी हा पंखा तिनंच आग्रहानं बसवून घ्यायला लावला होता. तेव्हा सर म्हणाले होते, "फुकट देतात म्हणजे बदल्यात काहीतरी घेत असतील. काय घेतात?" ती म्हणाली होती, "फक्त माहिती घेतात, सर."

ती माहिती म्हणजे काय, हे कोरपळसमध्ये उज्ज्वलाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. या आणि आजूबाजूच्या गावांतल्या अकरा हजार पंख्यांची ती पडताळणी अधिकारी होती.

जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅट वीज खातो, मंदानिलचा अठ्ठावीस. जेवढी वीज वाचली तेवढा कोळसा जळाला नाही, तेवढा कार्बन वायू हवेत गेला नाही. न गेलेल्या वायूची प्रमाणपत्रं बनत आणि ती परदेशातल्या कंपन्या विकत घेत. म्हणून गरिबाघरी पंखा फुकट. अट एकच, की बचत खरोखर झाली हे मोजून दाखवायचं. त्यासाठी मोटरमध्ये एक चिप आणि सिमकार्ड होतं. वेग किती, मोटरच्या तारा किती तापल्या, हे पंखा दर मिनिटाला पुण्याच्या सर्व्हरला कळवी. तारांवरून खोलीचं तापमान काढता येई.

मग प्रमाणपत्रं तपासणाऱ्या परीक्षकांनी एक शंका काढली. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असेल तर ती बचत कसली? पंख्याखाली माणूस आहे की नाही, तेही सांगा. कंपनीच्या अभियंत्यांनी याचं जे उत्तर शोधलं, त्याचं पुढं परिषदांमधून कौतुक झालं. पंखा हवा खाली ढकलतो. ती जमिनीला लागून भिंतींवरून वर चढते आणि पुन्हा पात्यांत शिरते. कुणी खोलीतून चाललं, दार उघडलं, कुणी उठून बसलं, की हवेच्या या चक्रात खळबळ होते आणि मोटरवरचा भार हजारात दोन-तीन भागांनी थरथरतो. ती थरथर ओळखायला त्यांनी संगणकाला शिकवलं. शिकवणी पुण्यातल्या दोन हजार घरांत झाली, जिथं माणसं हिंडतफिरत होती. थरथर असली की माणूस आहे. नसली की खोली रिकामी. तीन तास खोली रिकामी राहिली, की पंखा आपोआप एक नंबरवर येई. तेवढ्या सावकाश फिरताना हलकी थरथर कळत नसे, पुन्हा वेग घ्यायला रिमोट किंवा हवेचा मोठा धक्का लागे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी हे सगळं तिच्या डोक्यात होतं, पण एकाला एक जोडलं जात नव्हतं. सरांचं वय झालं होतं. मे महिना होता. माणसं जातात.

सरांचा मुलगा हेमराज त्याच रात्री हैदराबादहून गाडीनं आला. शनिवारी सकाळी आठच्या आत, उन्हाच्या भीतीनं, अंत्यविधी आटोपले. घाटावरून परतल्यावर तो उज्ज्वलाजवळ येऊन बसला. पन्नाशीचा माणूस, रडून रडून आवाज बसलेला.

"ताई, तुम्हीच दार उघडलं ना? चेहरा कसा होता?"

"शांत होता," ती म्हणाली. ते खरं नव्हतं.

"मला तेच समजत नाही. बरे होत होते हो ते." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "पंखा माझ्या नंबरवर नोंदवलाय. सोमवारपासून रोज दुपारी दीड वाजता हा निरोप येतोय. हे बघा."

निरोप तिच्या पाठ होता. ‘आपली खोली रिकामी आहे. वीज वाचवण्यासाठी पंखा मंद केला आहे. वसुंधरा आपली आभारी आहे.’

"सोमवारी मला वाटलं, काहीतरी चुकलं असेल. मंगळवारी पुन्हा आला. बुधवारी बायकोला म्हटलं, अगं, बाबा उठायला लागले. खोली रिकामी म्हणजे भिंत धरून ओसरीपर्यंत जात असतील. संध्याकाळी कांताबाईला फोन केला, तर ती म्हणाली, सर ठीक आहेत, पण फार थकल्यासारखे वाटतात. म्हटलं, इतक्या महिन्यांनी चालल्यावर थकणारच." तो किंचित हसला. "निदान शेवटचे पाच दिवस ते चालले. एवढं तरी झालं."

उज्ज्वलाच्या हातातला चहाचा कप कलंडला आणि चहा तिच्या साडीवर सांडला. हेमराज "असू द्या, असू द्या" म्हणत पाणी आणायला उठला. तो परत येईपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती. चपला घालताना आपण काय बोलून निघालो, हेही तिला आठवत नव्हतं.

यादीत दुसरं नाव रत्नमाला गेडाम यांचं होतं. वस्ती नदीपलीकडे, खाणीच्या जुन्या चाळीत. उज्ज्वला तिथं पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. तिनं दार उघडण्याआधी थाप मारली आणि कान लावून उभी राहिली.

"ढकला, लोटलेलंच आहे," आतून आवाज आला.

उज्ज्वला उंबऱ्यातच बसली.

रत्नमाला चाळिशीची होती. पाण्याच्या टाकीवरून पडून तिच्या मणक्याचं हाड मोडलं होतं. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा होता, आणि सहा आठवडे कुशीवरही वळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी सकाळी कॉलेजला जाई ती पाचला येई. अंगावर ओला पंचा, उशाशी पाण्याचा जग. आणि उजव्या हाताच्या बोटाला सुतळी बांधलेली होती. सुतळीचं दुसरं टोक खिडकीच्या झडपेला होतं.

"ही कशाला?" उज्ज्वलानं विचारलं.

"हसाल तुम्ही."

"नाही हसणार. सांगा."

"हा पंखा पाहून राहिले ना तुम्ही, याले माझा राग आहे. बारा-साडेबारा झाले की मरतुकड्यासारखा फिरते. रिमोट तिकडं दाराजवळ. पहिल्या दिवशी मले वाटलं, आता जातो मी. डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याले म्हटलं, अरे, मी आहे ना इथं." ती थांबली. "मंग वारा आला अन् खिडकी आपटली. अन् पंखा जोरात सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मंग पोरीकडून सुतळी बांधून घेतली. आता तासा-दोन तासांनी ओढतो मी झडप. चुकलं तं भोगतो. आता चारपाच दिवस झाले, पोरगी म्हणते, आई, तुले भ्रम झाला."

"भ्रम नाही," उज्ज्वला म्हणाली. "ओढा बघू एकदा."

रत्नमालानं सुतळी ओढली. झडप उघडून आपटली. पंखा दोनेक सेकंद तसाच रेंगाळला आणि मग भरभर फिरू लागला.

चव्वेचाळीस अंशांच्या खोलीत पंखा तशी गरम हवाच अंगावर मारतो. पण अंगावर ओलं फडकं असेल, तर तीच हवा पाणी उडवून नेते, आणि उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते असंच. कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ओलं फडकं आणि जोराचा वारा, एवढ्यावर म्हातारं माणूस उन्हाळा काढू शकतं. वारा थांबला, की तेच फडकं अंगातली उष्णता अंगातच दाबून ठेवणारं पांघरूण होतं. म्हातारं शरीर दोन-तीन तास टिकतं.

हिंडणाऱ्या माणसाला पंखा ओळखत होता. झोपलेल्यालाही, कारण झोपेत माणूस कूस बदलतो. जो हलूच शकत नव्हता, तो पंख्याच्या लेखी नव्हता.

उज्ज्वलानं रत्नमालाच्या पंख्याला टॅबवरून ‘दुरुस्तीखाली’ टाकलं. तो अधिकार तिला होता. दुरुस्तीखालच्या पंख्याला रिकाम्या खोलीचा नियम लागत नसे आणि त्याची बचतही धरली जात नसे.

"आता नाही थांबणार तो," ती म्हणाली. "पण सुतळी राहू द्या."

बाहेर चाळीच्या भिंतीच्या सावलीत ती बराच वेळ उभी होती. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती तिला स्वतःपाशीही उच्चारवत नव्हती.

नियम पूर्वी तीन तासांचा नव्हता, आठ तासांचा होता. आठ तासांत अंथरुणावरच्या माणसाकडे कुणी ना कुणी येतंच. मुलगी कॉलेजातून येते, कांताबाई सहाला येते. आठ तासांच्या नियमानं सरांचा पंखा एकदाही मंदावला नसता. दीड वर्षापूर्वी उज्ज्वलानं वरती लिहून कळवलं होतं, की लोक कुलूप लावून लग्नाला जातात आणि पंखे दिवसभर फिरतात, तेव्हा आठ तास फार होतात, तीन करावेत. वर्षातली उत्तम सूचना म्हणून पुण्याला बोलावून तिचा सत्कार झाला होता. त्या दिवशीचा फोटो तिच्या घरी दर्शनी भिंतीवर होता.

तिचा नवरा प्रफुल्ल गावच्या आरोग्य विभागात जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायचा. शनिवार असूनही उष्णतेच्या लाटेमुळे कार्यालय उघडं होतं. ती आत आली तेव्हा तो जेवणाचा डबा उघडत होता. तिचा चेहरा पाहून त्यानं डबा बंद केला.

"या महिन्यात घरी वारलेल्या लोकांची यादी दे," ती म्हणाली. "पत्त्यांसकट."

"काहून? झालं काय?"

"आधी दे."

एकतीस नावं होती. कंपनीच्या यादीत मे महिन्यात दुपारी रिकाम्या म्हणून नोंदलेल्या खोल्या होत्या सहाशे चाळीस. बहुतेक खरोखरच रिकाम्या असणार. कामाला गेलेली माणसं, गावाला गेलेली माणसं. दोन्ही याद्या त्यांनी शेजारी ठेवल्या. प्रफुल्ल एकेक पत्ता वाचू लागला आणि ती शोधू लागली. तिसऱ्याच पत्त्याला मेळ बसला. मग आठव्या. मग दहाव्या आणि अकराव्या, एकाच गल्लीतल्या.

चौदा.

"योगायोग असेल," प्रफुल्ल म्हणाला.

"वेळ वाच. मृत्यूची वेळ."

त्यानं वाचली. दुपारी चार. साडेतीन. अंदाजे पाच. संध्याकाळी मृतावस्थेत आढळले. चौदाही जण पंखा मंद झाल्यावर आणि घरचं माणूस परतण्याआधी गेले होते. एक बाळंतीण होती, रक्तस्राव झाल्यामुळे पूर्ण आराम सांगितलेली. एक अर्धांगवायूचा माणूस होता, बेचाळीस वर्षांचा.

"आम्ही उष्माघाताचे दोन दाखवले," प्रफुल्ल सावकाश म्हणाला. "दोघंही रस्त्यावरचे मजूर. हे सगळे घरात, सावलीत, पंख्याखाली होते. कारणं मीच टाइप केलीत, उज्ज्वला. वृद्धापकाळ. हृदयविकार. वृद्धापकाळ." त्यानं मान वर केली. "पण तुमचा नकाशा तर वेगळंच सांगतो. तुमची कंपनी दर आठवड्याला घरांतल्या उष्णतेचा नकाशा पाठवते ना, हवामानाच्या कामासाठी म्हणून? त्यात कोरपळसच्या घरांचं कमाल तापमान चाळीसच्या आत आहे. आम्ही त्याच्यावर विसंबून पाणपोया अन् गार खोल्या ठरवल्या."

उज्ज्वलाला तो नकाशा कसा बनतो हे माहीत होतं. पाठवण्याआधी डेटा साफ करतात. ज्या खोलीत माणूस नाही तिचं तापमान घेऊन काय करायचं, म्हणून रिकाम्या खोल्या आधी गाळतात. सगळ्यात तापलेल्या खोल्याच गाळल्या जात होत्या. पंखा मंदावला की खोली आणखी तापे, आणि ती नकाशावर नसे.

तिनं हे त्याला सांगितलं. आणि मग आठ तासांचे तीन कुणी केले, तेही सांगितलं. त्याला सत्काराचा फोटो ठाऊक होता, सूचना काय होती ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

प्रफुल्ल उठला. तिला वाटलं, तो बाहेर निघून जाणार. तो खिडकीपर्यंत गेला, तिथं पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "उरलेल्या सहाशेत कोण खाटेवर पडून आहे, हे तुमच्या मशिनीतून कळेल का?"

"नाही. मशिनीला तेच कळत नाही."

"मंग आधी ते सगळे पंखे सोडव. बाकीचं मागाहून."

टॅबवरून एका वेळी पन्नास पंखे दुरुस्तीखाली टाकता येत. सहाशे चाळिसांना अर्धा तास लागला. मग तिनं पुण्याला फोन लावला.

तिचे वरिष्ठ ऋत्विज आगटे यांनी सगळं न अडवता ऐकून घेतलं.

"राज्यात असे किती पंखे आहेत, तुला माहितीये ना?" ते म्हणाले.

"तीन लाख."

"मी आत्ता वरती बोलतो. पण नियम बदलायचा तर परीक्षकांची लेखी परवानगी लागते, नाहीतर पूर्ण हंगामाची प्रमाणपत्रं रद्द होतात. आज शनिवार आहे. कायदा विभाग सोमवारी बसेल."

"उद्या रविवार आहे, सर. उद्याही सत्तेचाळीस आहे."

"मला कळतंय."

"आज पंखे फिरू द्या, परवानगी सोमवारी घ्या."

"उज्ज्वला," आगटे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांनाही धक्का बसला होता. "तीन तासांची सूचना तुझी होती. कागदोपत्री तुझंच नाव आहे. तू घाई केलीस तर सगळं तुझ्यावर येईल. सोमवारपर्यंत थांब, मी तुला यातून वेगळं काढायचा प्रयत्न करतो."

"माझं नाव आहे म्हणूनच थांबता येत नाही," ती म्हणाली.

रविवारी उजाडताच ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. काल रिकाम्या न वाटलेल्या खोल्यांतही आज कुणीतरी पडलेलं असू शकत होतं, म्हणून तिला सगळेच पंखे सोडवायचे होते. पन्नास निवडायचे, कारण भरायचं, आपला सांकेतिक आकडा टाकायचा, की पुढचे पन्नास. कारणाच्या जागी पहिल्या काही वेळा तिनं ‘मोटर तपासणी’ असं लिहिलं. नंतर ती लिहू लागली, ‘खाली माणूस असू शकतो.’ हात आपोआप चालत होते. मधूनच एखाद्या ओळखीच्या नावापाशी थांबत आणि पुढं जात. शाळेतली मैत्रीण. दूधवाला. आपले स्वतःचे सासरे.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी पडदा राखाडी झाला. ‘आपला प्रवेश स्थगित करण्यात आला आहे.’ दोन हजार तीनशे पंखे राहिले होते.

तिनं प्रफुल्लला फोन केला. त्यानं सकाळीच आशाताईंना कार्यालयात बोलावून ठेवलं होतं. सत्तावीस जणी होत्या. उज्ज्वलानं उरलेल्या घरांची यादी छापून नेली आणि काय करायचं ते त्यांना सांगितलं. घरात कुणी अंथरुणावर असेल तर रिमोट त्याच्या हाताशी ठेवायचा. हात चालत नसेल तर शेजाऱ्याला बसवायचं. कुणीच नसेल तर खिडकीच्या झडपेला दोरी बांधून दुसरं टोक त्याच्या बोटाला द्यायचं.

"दोरीनं काय होईल?" एक आशाताई म्हणाली.

"पंख्याला कळेल, की माणूस आहे."

सगळ्या डोक्याला ओले रुमाल बांधून निघाल्या. उज्ज्वलाही त्यांच्याबरोबर गेली. अडीचच्या सुमाराला एका घरात तिला एक म्हातारी सापडली, पंखा एकवर, शुद्ध हरपलेली. तिला उचलून बाहेर आणलं, अंगावर पाणी ओतलं, दोन पुठ्ठ्यांनी दोन बाया वारा घालत राहिल्या. अर्ध्या तासानं म्हातारीनं डोळे उघडले आणि तिच्या अंगावर साडी नाही म्हणून ती सगळ्यांना शिव्या देऊ लागली. त्या दिवसात उज्ज्वला पहिल्यांदा रडली.

त्या रविवारी कोरपळसमध्ये घरात कुणी गेलं नाही. इतर जिल्ह्यांत नऊ जण गेले. ते आकडे पुढं चौकशी समितीत आले.

संध्याकाळी प्रफुल्लनं चौदा नोंदींची दुरुस्ती करणारा अहवाल लिहिला. आधीची कारणं आपणच नोंदली होती, असं त्यात स्वच्छ म्हटलं. त्याखाली उज्ज्वलाचं निवेदन जोडलं. तिनं ते हातानं लिहिलं होतं. मशीन कशी चालते, नियम काय होता, तो कुणाच्या सूचनेवरून आठाचा तीन झाला, आणि नकाशातून कोणत्या खोल्या गाळल्या जात होत्या. सोमवारी सकाळी ते जिल्ह्याला गेलं आणि दुपारपर्यंत सगळीकडे पोचलं. चार वाजता कंपनीनं तीन लाख पंख्यांवरचा नियम परवानगीशिवायच काढून टाकला. उज्ज्वलाला निलंबनाचं पत्र त्याच्या आधी आलं होतं. जुन्या नोंदी पडताळता पडताळता राज्याचा आकडा दोनशेच्या वर गेला. तो वाढतच होता, तेव्हा तिनं बातम्या बघणं सोडलं.

वर्तमानपत्रांत पंख्याबद्दल आलं होतं, माणसांची नावं नव्हती. समितीनं प्रत्येक घराला स्वतंत्र पत्र पाठवायचं ठरवलं होतं. बावणे सरांच्या तेरवीच्या आदल्या दिवशी प्रफुल्ल म्हणाला, "पत्र त्यांना परवा मिळेल. तू आता कंपनीत नाहीस. तुला जायची गरज नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तेरवीला घरापुढं मंडप होता. हेमराजनं डोकं भादरलेलं होतं. तिला पाहून तो पुढं आला. "या ताई, जेवूनच जायचं."

"आधी दोन मिनिटं बोलायचंय. इथंच."

ती मंडपाच्या कडेला उभी राहून बोलली. तिनं काही गाळलं नाही आणि काही लांबवलं नाही. सर उठले नव्हते. ओसरीपर्यंत गेले नव्हते. पाचही दिवस खाटेवरच होते, आणि दीड वाजता वारा थांबायचा. तुम्हाला आलेला निरोप खोटा होता. आणि तीन तासांचा तो नियम माझ्या सूचनेवरून झाला होता.

हेमराज तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, जणू त्यातलं कुणी उठून गेलं होतं. एक माणूस येऊन पत्रावळी कुठं ठेवू म्हणून विचारून गेला. त्यानं बोटानं जागा दाखवली.

"पाच दिवस," तो म्हणाला.

"हो."

"ते शुद्धीवर होते?"

"पहिले चार दिवस तरी असणार. कांताबाईशी संध्याकाळी बोलायचे."

तो मंडपाच्या खांबाला धरून खाली बसला. उज्ज्वलाही त्याच्यासमोर मातीत बसली. तो ओरडेल, हात उचलेल, जा म्हणेल, या सगळ्याची तिनं मनाशी तयारी केली होती. त्यानं त्यातलं काही केलं नाही. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"आत माझी आत्या आहे. काका आहेत, सगळे नातेवाईक आहेत. त्यांना मी फोन करकरून सांगितलं, की बाबा शेवटी चालायला लागले होते. आत्ताही आत तेच बोलणं चाललंय. आत्या म्हणते, दादाचं सोनं झालं, कुणाला त्रास न देता स्वतःच्या पायावर गेला." तो उठला. "मला हे त्यांना सांगता येणार नाही. तुम्ही सांगा. आत्ता मला सांगितलंत तसंच, सगळं. तुमचं नावसुद्धा."

"सांगते."

तो पुढं झाला आणि दारातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं. आतली कुजबुज थांबली. सतरंजीवर बसलेल्या बायकांनी सरकून तिच्यासाठी जागा केली. उज्ज्वला बसली नाही. ती उभीच राहिली आणि म्हणाली, "माझं नाव उज्ज्वला देवगडे. मी सरांची विद्यार्थिनी. सर चालले नव्हते."